१८८ टेस्ला की ३१? एका गोळीच्या क्रांतिक क्षेत्राचं प्रकरण

एम.एस्सी.च्या एका प्रकल्प अहवालाच्या कच्च्या मसुद्यात, निष्कर्षांच्या पानावर ही ओळ होती: ‘नमुन्याचं शून्य केल्विनचं वरचं क्रांतिक क्षेत्र १८८ टेस्ला.’ वरचं क्रांतिक क्षेत्र म्हणजे ज्या चुंबकी क्षेत्रात पदार्थाची अतिसंवाहकता, म्हणजे रोधाशिवाय वीज वाहून नेण्याचा गुण, संपते ते; टेस्ला हे क्षेत्राचं एकक. नमुना म्हणजे यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडची, म्हणजे वायबीसीओची, दहा मिलिमीटर व्यासाची काळी गोळी. ती भाजली रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. आणि ज्या चुंबकात ती मोजली, त्याची मजल होती ९ टेस्ला. त्याच आलेखांवर, त्याच सूत्रानं, फक्त निकष बदलून आकडा पुन्हा काढला की ३१ येतो. सहापट फरक, आणि आकडेमोडीत कुठेही चूक नाही.

मी या प्रकल्पाचा मार्गदर्शक होतो. विद्यार्थिनी मालवणकडची. प्रकरण इतकं सविस्तर लिहितोय ते अशासाठी, की अतिसंवाहकांवर प्रकल्प करणाऱ्या आपल्या मुलांच्या अहवालांत असा एकटा आकडा वारंवार दिसतो आणि त्याला कुणी हटकत नाही. हटकायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

गोळी कशी झाली

कृती जगभर तीच आहे. यिट्रियम ऑक्साइड, बेरियम कार्बोनेट आणि कॉपर ऑक्साइड अशा मापानं घ्यायचं की यिट्रियम, बेरियम आणि तांब्याचे अणू एकास दोनास तीन पडतील. अगेटच्या खलात घोटायचं, नऊशे अंशांच्या वर भाजायचं, पुन्हा घोटायचं, दाबून गोळी करायची आणि ९३० अंशांच्या आसपास पुन्हा भाजायची. नाजूक भाग त्यानंतरचा. ऑक्सिजनच्या प्रवाहात गोळी सावकाश थंड करायची आणि ४५० अंशांच्या आसपास बराच वेळ थांबायचं. तेवढ्या वेळात ती ऑक्सिजन शोषते. तो पुरेसा शोषला गेला तर क्रांतिक तापमान, म्हणजे ज्याच्या खाली अतिसंवाहकता सुरू होते ते, नव्वदीत (केल्विनमध्ये) राहतं, कमी पडला तर साठीत घसरतं, आणि फारच कमी पडला तर गोळी अतिसंवाहक होतच नाही.

कोकणात हे वेळापत्रक पावसाशी जुळवावं लागतं. जून लागला की लाईटचा भरवसा नाही आणि नळीभट्टीचा भार कॉलेजचा इन्व्हर्टर पेलत नाही. पहिली गोळी अशीच गेली. वळवाच्या पावसात लाईट गेली, भट्टी आपल्या गतीनं थंड झाली आणि ४५० अंशांवरचा तो निवांत वेळ मिळालाच नाही. द्रवरूप नायट्रोजनमध्ये, म्हणजे ७७ केल्विनला, त्या गोळीचा रोध उतरला पण शून्याच्या जवळपासही गेला नाही. ती साठीतली गोळी होती आणि नायट्रोजन तिथपर्यंत पोचत नाही.

हा नायट्रोजन येतो पशुवैद्यकीय दवाखान्यातून. गायी-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी रेतमात्रा ज्या जारमध्ये ठेवतात, तो जार भरायला येणाऱ्या गाडीकडून आम्हाला आमचा वाटा मिळतो. कोकणातल्या एखाद्या कॉलेजला अतिसंवाहकता डोळ्यांनी पाहता येते ती या पुरवठ्यामुळे, आणि याची नोंद अहवालांच्या ऋणनिर्देशात कधी होत नाही. या अहवालात ती आहे.

दुसरी गोळी नीट झाली. तिच्यावर सिल्व्हर पेस्टनं चार तारा लावल्या. बाहेरच्या दोनांतून १० मिलिअँपिअर प्रवाह सोडायचा आणि आतल्या दोनांवर व्होल्टेज वाचायचं, म्हणजे तारांचा आणि जोडांचा रोध मोजणीत येत नाही. प्रत्येक तापमानाला प्रवाह उलटा करून पुन्हा वाचायचं आणि सरासरी घ्यायची, कारण तारांची दोन टोकं वेगवेगळ्या तापमानांना असली की प्रवाह नसतानाही काही मायक्रोव्होल्ट दिसतात. शंभर केल्विनला गोळीवर ५० मायक्रोव्होल्ट पडत होते, म्हणजे रोध ५ मिलिओहम. आमचा मीटर १ मायक्रोव्होल्टच्या खालचं सांगत नाही. तेव्हा आलेखावर जिथे ‘शून्य’ दिसतं, तिथे आम्ही खरं तर एवढंच म्हणू शकतो की रोध मूळच्या दोन टक्क्यांपेक्षा कमी आहे. शून्य हासुद्धा एक निकषच ठरतो. हा मुद्दा पुढे कामी आला.

क्षेत्र वाढवलं की काय होतं

काइमरलिंग ओनेस यांना १९११ साली लायडनमध्ये पाऱ्याचा रोध ४.२ केल्विनच्या खाली नाहीसा झालेला दिसला. रोधच नाही तर तारेचं वेटोळं करून हवा तेवढा प्रवाह सोडता येईल आणि प्रचंड ताकदीचा चुंबक बनेल, असं त्यांच्या मनात लगेच आलं. निसर्गानं ते होऊ दिलं नाही. शिसं आणि कथिल जेमतेम काही शतांश टेस्लाच्या क्षेत्रात पुन्हा साधे धातू होतात. शिशाची मर्यादा शून्य केल्विनजवळ साधारण ०.०८ टेस्ला आहे.

सुटका झाली ती दुसऱ्या जातीच्या अतिसंवाहकांमुळे. खारकिव्हला शुब्निकोव्ह यांच्या गटानं १९३०च्या दशकात त्यांची वागणूक मोजली आणि १९५७ साली अब्रिकोसोव्ह यांनी तिचा सिद्धान्त मांडला. या पदार्थांत चुंबकी क्षेत्र बारीक भोवऱ्यांच्या रूपानं आत शिरतं. प्रत्येक भोवऱ्यात चुंबकी अभिवाहाचा (फ्लक्सचा) एकच पुंज असतो, २.०७ गुणिले दहाचा उणे पंधरावा घात वेबर. क्षेत्र वाढेल तसे भोवरे दाटत जातात आणि त्यांचे गाभे एकमेकांना भिडले की अतिसंवाहकता संपते. ते वरचं क्रांतिक क्षेत्र. गाभ्याची त्रिज्या साधारण दीड नॅनोमीटर धरली तर हिशेब १४६ टेस्लावर जातो. वायबीसीओसाठी १५० टेस्लाच्या घरातले आकडे ऐकू येतात ते यामुळे.

पण गाभे भिडण्याच्या कितीतरी आधी आणखी एक गोष्ट घडते. गोळीतून प्रवाह जात असला की भोवऱ्यांवर बल येतं. ते जागेवर अडकलेले असले तर ठीक, सरकू लागले की ऊर्जा खर्च होते आणि व्होल्टेज दिसू लागतं. पदार्थ अजून अतिसंवाहकच आहे, तरीही रोध शून्य नाही. वायबीसीओसारख्या पदार्थांत, जिथे तापमान मुळात जास्त आणि थर एकमेकांशी सैल बांधलेले, तिथे हा मधला पट्टा खूप रुंद असतो. त्याच्या खालच्या काठाला अपरिवर्तनीयता रेषा म्हणतात. म्युलर, ताकाशिगे आणि बेडनॉर्झ यांनी ती १९८७ सालीच दाखवून दिली होती.

मोजणी आणि तीन उत्तरं

गोळी एका संशोधन संस्थेत नेली. तिथे ०, १, ३, ५, ७ आणि ९ टेस्लाला रोध-तापमान आलेख काढले. वक्र एकमेकांवर ठेवले की डोळ्यांत भरतं ते असं, की उताराचा माथा जवळजवळ जागचा हलत नाही आणि पायथा मात्र डावीकडे लांबच लांब पसरत जातो. पारा किंवा कथिलाचा अख्खा उतार जसा उचलून बाजूला ठेवल्यासारखा सरकतो, तसं इथे होत नाही.

आता ‘क्रांतिक तापमान’ यातल्या कुठल्या बिंदूला म्हणायचं? मूळ रोधाच्या ९० टक्क्यांवर वक्र येतो तो बिंदू धरला तर क्षेत्र नसताना तो ९१ केल्विनला होता आणि ९ टेस्लाला ८८ ला आला. तीन केल्विनची घसरण, म्हणजे दर केल्विनला ३ टेस्ला. ५० टक्क्यांचा बिंदू ९० वरून ८४ ला आला, दर केल्विनला दीड टेस्ला. १० टक्क्यांचा ८९ वरून थेट ७१ ला, दर केल्विनला अर्धा टेस्ला.

यापुढे एक सूत्र वापरतात. वेर्थॅमर, हेल्फंड आणि होहेनबर्ग यांनी १९६६ साली दिलेलं, अगदी सोपं: हा दर केल्विनमागचा उतार गुणिले क्रांतिक तापमान गुणिले ०.६९, की शून्य केल्विनचं क्षेत्र मिळतं. ९० टक्क्यांच्या निकषानं १८८ टेस्ला, ५० टक्क्यांच्या निकषानं ९३, १० टक्क्यांच्या निकषानं ३१. मसुद्यात फक्त पहिला निकष होता, कारण आधीच्या बॅचच्या अहवालात तोच होता.

मी तिला उरलेले दोन आकडे काढायला सांगितले. एरवी प्रयोगशाळेत ती शाळेतलं मराठी बोलायची. त्या दिवशी कागदाकडे बघत म्हणाली, “सर, मगे खरो आकडो खंयचो?”

प्रत्येक निकष काय बघतो

आपल्याकडे किनाऱ्यावर घर बांधणाऱ्याला हा प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो. सीआरझेडचं, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचं, ५०० मीटर अंतर भरतीरेषेपासून मोजतात. ती रेषा रोजच्या भरतीची धरायची, उधाणाची की वाळूवर जिथे वेल सुरू होतात तिथली, यावर परवानगी लटकते. समुद्र तोच असतो. रेषा कुठली हे आधी ठरवून लिहून ठेवावं लागतं, आणि कशासाठी मोजतोय त्यावर ते ठरतं.

गोळीत माथा आणि पायथा या मुळात वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. भाजलेली गोळी म्हणजे असंख्य बारीक स्फटिककण, प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला. वायबीसीओचे तांबं-ऑक्सिजनचे थर क्षेत्राला समांतर असले तर तो कण कितीतरी जास्त क्षेत्र सोसतो, थर क्षेत्राला लंब असले तर कमी. वक्र वरून वाकायला लागतो तो सर्वांत चिवट कणांमुळे. म्हणून ९० टक्क्यांचा आकडा हा अनुकूल दिशेनं झुकलेला आकडा आहे. एका स्फटिकाच्या, एका दिशेच्या क्षेत्राचा तो असू शकत नाही. शिवाय १८८ टेस्लाला आणखी एक अडचण आहे. अतिसंवाहकता ज्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांमुळे असते, त्यांच्यातले फिरकी-चुंबक, क्षेत्र फार वाढलं की, जोडी फोडतात, आणि साध्या सिद्धान्तात ती मर्यादा क्रांतिक तापमानाच्या १.८४ पट टेस्ला असते. ९१ केल्विनसाठी १६७. ती ओलांडणारे पदार्थ आहेत, पण ओलांडली असं लिहायचं तर त्याचं कारणही द्यावं लागतं. इथे द्यायला कारण नव्हतं.

पायथा सांगतो तो कणांमधल्या जोडांबद्दल आणि सरकणाऱ्या भोवऱ्यांबद्दल. दोन कणांमधली सीमा हा कच्चा दुवा असतो. हे आम्ही कॉलेजातच, नायट्रोजन आणि एका लहान विद्युतचुंबकानं पाहिलं होतं. काही मिलिटेस्ला क्षेत्र लावलं तरी गोळी रोधाशिवाय वाहून नेऊ शकेल असा प्रवाह धाडकन उतरतो. कणांच्या आत काहीही झालेलं नसतं.

ही फोड केवळ तर्कानं मान्य करायची वेळ आली नाही, कारण पावसाळ्यानं ती करून दाखवली. संस्थेतून परत आल्यावर गोळी डेसिकेटरमध्ये होती. सप्टेंबरात झाकण उघडलं तेव्हा निळं सिलिका जेल पूर्ण गुलाबी झालेलं, गोळीच्या कडेला पांढुरका थर आणि चारपैकी एका तारेचा जोड नखानं निघेल इतका पोकळ. वायबीसीओला पाणी सोसत नाही. दमट हवेत बेरियम सुटतं, त्याचं हायड्रॉक्साइड आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे कार्बोनेट होतं. हा मारा आधी होतो तो कणांच्या सीमांवर.

नव्या तारा लावून, क्षेत्र न लावता, नायट्रोजनमध्ये पुन्हा मोजलं. ९० टक्क्यांचा बिंदू ९१ केल्विनलाच होता. १० टक्क्यांचा ८९ वरून ८४ ला उतरलेला. म्हणजे कण शाबूत, जोड खराब. ही गोळी पुन्हा ९ टेस्लात नेली असती तर १८८ जवळपास तसाच राहिला असता आणि ३१ बहुधा आणखी खाली गेला असता. पदार्थाचा म्हणून जो गुणधर्म सांगायचा, तो कोकणातल्या एका पावसाळ्यानं बदलणारा असू नये.

यावरून १० टक्क्यांचा निकष टाकाऊ ठरतो का? मला तसं वाटत नाही. चुंबक बांधणाऱ्याला पायथाच हवा असतो. त्याच्या तारेत रोध जवळपास शून्य राहिला पाहिजे, अतिसंवाहकता कुठे पूर्ण संपते याच्याशी त्याला देणंघेणं नाही. एमआरआयच्या यंत्रात आजही बहुतेक ठिकाणी नायोबियम-टायटॅनियमची तार द्रवरूप हेलियममध्ये असते. वायबीसीओच्या जातीच्या पट्ट्या ७७ केल्विनला चालत असूनही जोरदार क्षेत्रासाठी २० केल्विनपर्यंत किंवा त्याखाली थंड करतात, ते पायथ्यासाठी. आणि त्या पट्ट्यांत सगळे कण जवळजवळ एकाच दिशेनं रचलेले असतात, नाहीतर आमच्या गोळीसारखीच गत होईल.

९ च्या पुढे जाऊन बघणं

खरा उपाय एकच आहे, जिथलं सांगायचं तिथवर जाऊन मोजणं. कपित्झा यांनी १९२०च्या दशकात केंब्रिजमध्ये क्षणभराच्या प्रवाहानं ३० टेस्लापर्यंत मजल मारली. आज सतत टिकणाऱ्या क्षेत्रासाठी अमेरिकेत टॅलाहासीला ४५ टेस्लाचा संकरित चुंबक आहे. त्याहून मोठ्या क्षेत्रासाठी मात्र स्पंदच, म्हणजे क्षणभराचे प्रवाहाचे झोतच, लागतात. लॉस अलामॉसला २०१२ साली, वेटोळं न फुटता, १०० टेस्ला ओलांडले गेले, आणि तेही सेकंदाच्या अगदी लहान अंशासाठी.

या काही मिलिसेकंदांत मोजणं किती अवघड, हे मी तिला गोळीवरच्या तारा दाखवून समजावलं. व्होल्टेजच्या दोन तारा गोळीपासून निघताना त्यांच्यामध्ये एक चौरस मिलिमीटरची फट राहिली, आणि क्षेत्र सेकंदाला दहा हजार टेस्ला या वेगानं चढतंय. त्या फटीत आपोआप १० मिलिव्होल्ट उपजतात. आपण शोधतोय ते ५० मायक्रोव्होल्ट, म्हणजे दोनशेवा हिस्सा. म्हणून तारा पिळून घ्यायच्या, प्रवाह उच्च वारंवारतेचा वापरायचा, किंवा तारा न लावता जवळच्या कॉइलच्या वारंवारतेतला बदल वाचायचा. त्याशिवाय वेगानं बदलणारं क्षेत्र नमुन्यातच भोवरी प्रवाह (एडी करंट) उठवतं आणि नमुना तापतो. क्षेत्र चढतानाचा वक्र आणि उतरतानाचा वक्र एकमेकांवर बसतात का, हे बघितल्याशिवाय अशा मोजणीवर विश्वास ठेवू नये. बसले नाहीत तर नमुना तापला की भोवरे अडकले, याचा आधी निकाल लावावा लागतो.

आणि इतकं करूनही रोध हा वरच्या क्रांतिक क्षेत्राचा पक्का साक्षीदार नाहीच. कॅनडातल्या शेरब्रूकच्या तायफेर यांच्या गटानं आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली वेगळी वाट घेतली. भोवरे आत शिरले की ते इलेक्ट्रॉनांना विखुरतात आणि उष्णतावहन घटतं. भोवरे संपले की ते झटक्यात वाढतं. तो झटका जिथे दिसतो तिथे अतिसंवाहकता संपली. ऑक्सिजन कमी असलेल्या एका वायबीसीओमध्ये ती जेमतेम २४ टेस्लाला संपत होती. माथ्याच्या उतारावरून शंभराच्या पुढचे अंदाज बांधण्याची सवय असलेल्या माणसानं हा आकडा लक्षात ठेवावा.

उलट दिशेचं उदाहरण युरेनियम डायटेल्युराइडचं. क्रांतिक तापमान १.६ केल्विन. क्षेत्र विशिष्ट कोनात लावून वाढवत गेलं की अतिसंवाहकता जाते आणि ४० टेस्लाच्या वर परत येते, ती २०१९च्या मोजणीत ६५ टेस्लापर्यंत, म्हणजे त्या चुंबकाच्या मर्यादेपर्यंत टिकून होती. ९ टेस्लापर्यंतच्या उतारावरून हे कुठल्याही सूत्रानं सांगता आलं नसतं.

अहवालात काय गेलं

निष्कर्षांच्या पानावरून १८८ ची ओळ निघाली. तिच्या जागी तीन ओळींचा तक्ता आला: निकष, क्षेत्र नसतानाचं तापमान, ९ टेस्लाचं तापमान. खाली मीटरची मर्यादा, प्रवाह, गोळी बहुस्फटिकी आहे हा खुलासा आणि पावसाळ्यानंतरची मोजणी. सूत्रानं काढलेले तिन्ही आकडे परिशिष्टात, ‘अंदाज’ या शीर्षकाखाली, एकत्र. त्यांतला एकच उचलून लिहिता येणार नाही, अशा रीतीनं.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं. “मग तुमच्या गोळीचं वरचं क्रांतिक क्षेत्र किती, मॅडम?” ती म्हणाली, “सर, ९ टेस्लाला ८८ केल्विनपर्यंत अतिसंवाहकतेची खूण दिसते आणि ७१ च्या खाली रोध मूळच्या दहा टक्क्यांच्या आत जातो. त्याच्या पुढचं आम्ही मोजलेलं नाही.” परीक्षकांनी दुसरा प्रश्न विचारला तो दिशेचा: कण एका रेषेत आणता आले असते का?

आणता येतात, आणि पुढच्या बॅचनं तेच हातात घेतलंय. गोळी दळून बारीक पूड करायची, इपॉक्सीत कालवायची आणि ती घट्ट होईपर्यंत विद्युतचुंबकाच्या ध्रुवांमध्ये ठेवायची. वायबीसीओचे कण आपले थर क्षेत्राला लंब करून उभे राहतात. इपॉक्सीत बुडालेल्या कणांपर्यंत आपली दमट हवाही सहज पोचत नाही. कण एकमेकांना टेकलेले नसल्यानं रोध मात्र मोजता येणार नाही. चुंबकन मोजावं लागेल, थरांना लंब आणि समांतर असं वेगवेगळं, आणि त्यातून अपरिवर्तनीयता रेषा थेट मिळेल. ज्या गोळीची पूड करायची, तिची भट्टी पावसाच्या आत, मे महिन्यात लावायची आहे.